चार बोटं खाली

बाळंतपणानंतर बाईची कंबर दुखते यात विशेष काही नाही, हे आमच्या घरात मला पहिल्यांदा सांगितलं ते माझ्या नवऱ्यानं. "नॉर्मल असतं ते," मंदार लॅपटॉपमधून डोकं न काढता म्हणाला. "नऊ महिने बॉडीवर लोड होता, रिकव्हर व्हायला टाइम लागणारच ना." त्याला या विषयातलं कळण्याचं तसं काही कारण नव्हतं. मॅनहॅटनमधल्या एका कंपनीचे सर्व्हर चालू ठेवणं हे त्याचं काम. त्यातला एखादा तीन मिनिटं बंद पडला तर हा माणूस भरल्या ताटावरून उठायचा. माझी कंबर बंद पडून पाच आठवडे झाले होते आणि तिला मात्र टाइम लागणार होता. दुखणं कमरेत सुरू व्हायचं, तिथून उजव्या खुब्यात आणि मांडीच्या सांध्यात उतरायचं, आणि कूस बदलताना आत कोणीतरी बिजागरी उलटी फिरवतंय असं वाटायचं. पायजम्यात पाय घालायला मला पलंगावर बसावं लागे, आणि बसल्यावर उठायला भिंत लागे. मी पुण्याची असल्यामुळे दुसऱ्याला तुच्छ लेखणं मला शिकावं लागलं नाही, पण त्या हिवाळ्यात मी त्यात जी प्रगती केली ती सगळी मंदारची कृपा.

जर्सी सिटीत एकोणिसाव्या मजल्यावर दोन खोल्यांचं आमचं घर होतं. खालून गाड्या स्टेशनात शिरताना काचा बारीक थरथरत, हीटरची शिट्टी दिवसभर वाजे, आणि या सगळ्यावर मात करून तुपात डिंक फुलायचा तडतडाट ऐकू येई. पहिलं बाळंतपण माहेरचं असतं, म्हणून यायचं होतं माझ्या आईनं. तिचा व्हिसा नाकारला गेला, आणि नागपूरहून सासूबाई आल्या. दोन बॅगांमध्ये डिंक, अळीव, खारका, सुंठ, बाळंतशेपा आणि वावडिंग, तिसरीत स्वतःच्या चार साड्या. आल्या दिवशी त्यांनी स्वयंपाकघर ताब्यात घेतलं आणि मला सांगितलं, "तू आता फक्त पडून राहा. मी किती जणींची बाळंतपणं पाहिली आहेत." मी मनात म्हटलं, झालं. अळिवाची खीर, मेथीचा लाडू, भरपूर लसणाची बाजरीची भाकरी, दुपारी शेपांचं पाणी, आणि रोज सकाळी वाटीभर काळा काढा, जो मी त्यांची पाठ वळताच सिंकमध्ये ओतत असे. त्याला ना लेबल ना प्रमाण, आणि मी शास्त्र शिकलेली बाई. भेटायला येणाऱ्या काकू तर वेगळ्याच. एकीनं मला गहू सोडायला सांगितले, एकीनं दूध, आणि तिसरी म्हणाली की तिची डिलिव्हरी झाली तेव्हा तिनं दहाव्या दिवशी गराजसमोरचा बर्फ उपसला होता. बर्फ उपसणाऱ्या त्या काकू आमच्या सोफ्यावरून उठताना दोन्ही हात गुडघ्यांवर टेकून उठल्या, हे माझ्या नजरेतून सुटलं नाही.

या सगळ्यात सासूबाईंचा जीव होता तो पोट बांधण्यात. जुनी मऊ सुती साडी लांब फाडून त्यांनी पट्टे केले होते. आंघोळ झाली की मला भिंतीपाशी उभं करायच्या, पट्ट्याचं एक टोक माझ्या हातात द्यायच्या आणि दुसरं धरून स्वतः मला प्रदक्षिणा घालायच्या. शेवटची गाठ बेंबीवर. होल्डॉल आवळतात तसं आवळायच्या, मधेच गुडघा लावायच्या. "पोट आत गेलं पाहिजे, नाहीतर माठ होऊन बसेल," असं म्हणायच्या, आणि बांधून झालं की दोन पावलं मागे सरकून पाहायच्या. त्यांच्या चेहऱ्यावर तेव्हा एक समाधान यायचं. मी त्याला मालकी हक्क समजत होते. सव्वा महिना झाला तेव्हा पट्टा सुटायला हवा होता, पण तो मीच सोडला नाही. जुन्या जीन्समध्ये शिरण्याची मला घाई होती. सासूबाईंच्या प्रत्येक गोष्टीला नाक मुरडणारी मी, ही एकच गोष्ट निमूट पाळत होते, आणि ती नेमकी चुकीची निघाली. आजही हे लिहिताना मला त्या दीडशहाण्या मुलीची कीव येत नाही, रागच येतो.

सातव्या आठवड्यात एका सकाळी मी तान्ह्या सईला पाळण्यातून उचललं. वळले, आणि उजवा पाय माझा नसल्यासारखा खालून निघून गेला. पडले असं म्हणता येणार नाही. कपाटाला पाठ घासत मी सावकाश खाली बसले आणि सई माझ्या मांडीत आली. तिनं डोळेसुद्धा उघडले नाहीत. पण आवाज ऐकून दोघं धावत आले, आणि त्यांनी जे पाहिलं ते म्हणजे जमिनीवर बसलेली सून आणि तिच्या हातात त्यांचं बाळ. कोणी मला ओरडलं नाही. ओरडले असते तर भांडता आलं असतं. मंदार फक्त म्हणाला, "काही दिवस तू तिला उचलू नकोस. आई आहे ना. सेफ्टी इशू आहे यार." झालं, ठरलं. त्या दिवसापासून सासूबाई सईला माझ्याजवळ आणायच्या, ती पिऊन झाली की खांद्यावर टाकून घेऊन जायच्या. ती रडली की मी उठायच्या आत कोणीतरी तिला घेतलेलं असे. रडणं थांबे, आणि ते माझ्याशिवाय थांबलं हे मला ऐकू येई. रजा संपायला पाच आठवडे होते. त्यानंतर मी दिवसभर ऑफिसात असणार, आणि सईला कोणाचा खांदा आपला वाटणार याचा हिशेब मी पडल्या पडल्या करत होते. त्या काळात मी सासूबाईंचा दुस्वास केला. शब्द मोठा आहे, पण तोच खरा.

हॉस्पिटलातल्या डॉक्टरीणबाईंच्या तपासणीत सगळं छान होतं. टाके छान, वजन छान, रक्तदाब छान. कंबर दुखते म्हटल्यावर त्यांनी एक घडी घातलेला कागद दिला. त्यावर एक सडपातळ बाई चटईवर आडवी पडून हसत होती. फिजिओथेरपीची पहिली तारीख माझी रजा संपल्यानंतरची मिळाली. तेवढ्यात युना घरी आली. ती माझ्या ऑफिसात शेजारच्या टेबलावर बसायची, मूळची कोरियन, माझ्याच वयाची, दोन मुलांची आई. तिनं मोठ्या डब्यात समुद्री शेवाळाचं सूप आणलं होतं. त्यांच्यात बाळंतिणीला तेच देतात, पहिले तीन आठवडे तिन्ही त्रिकाळ. सासूबाईंनी झाकण उघडलं, वास घेतला, आणि युनाकडे बघून गोड हसत मला मराठीत म्हणाल्या, "विहिरीतलं शेवाळं काढून आणलं का हिनं?" युनानं मात्र मला दारापर्यंत चालताना पाहिलं आणि तिथेच थांबवून विचारलं, मी अशी पाय ओढत का चालते. सात आठवड्यांत हा प्रश्न विचारणारी ती पहिली. तिनं एका क्लिनिकचा पत्ता दिला. कोरियन पद्धतीनं उपचार करणाऱ्या बाई, सुया, शेक, झाडपाला. तिच्या दोन्ही बाळंतपणांनंतर ती तिथेच गेली होती.

"सुया टोचणार? नेहा, तू सायन्स ग्रॅज्युएट आहेस," मंदार म्हणाला. "हे व्हूडू आहे. एव्हिडन्स कुठे आहे?"

"आणि तुझ्या आईचा काढा?"

"ते वेगळं. ते आयुर्वेद आहे. त्याला हजारो वर्षांचं रिसर्च आहे."

हे बोलताना तो ज्या बोटानं चष्मा वर सरकवत होता त्या बोटात पुष्कराज होता. प्रमोशनसाठी घातलेला. माझं लग्न कोणाशी झालंय हे मला त्या क्षणी जितकं स्वच्छ दिसलं तितकं पुढे क्वचित दिसलं. आपल्याकडचं ते शास्त्र आणि दुसऱ्याकडचा तो जादूटोणा, ही वाटणी आपली माणसं इतक्या निरागसपणे करतात की त्यांना ती वाटणी वाटतच नाही. पण मी तरी काय वेगळं करत होते? घरातला काढा सिंकमध्ये ओतणारी मी, परक्या बाईच्या सुया खायला निघाले होते, कारण तिथे आधी फोन करून वेळ घ्यावी लागत होती.

शनिवारी आम्ही सगळे निघालो. मला गाडी चालवता येत नव्हती, सईला दोन तासांनी दूध लागणार होतं, आणि सासूबाईंना माझ्यावर नजर ठेवायची होती. क्लिनिकचं गाव वीस मिनिटांवर होतं, आणि तिथल्या दुकानांवरच्या बहुतेक पाट्या कोरियन. क्लिनिक एका बेकरीच्या वर. मंदार तत्त्वाचा माणूस असल्यामुळे वर आला नाही. सईला घेऊन खाली बेकरीत बसला. जिना चढताना सासूबाई माझ्या मागे होत्या. कठडा धरून, एक पायरी, दोन्ही पाय, मग दुसरी पायरी. मी अशी चढत होते ते ठीक, पण त्याही तशाच चढत होत्या, आणि मला वाटलं माझ्यासाठी सावकाश येताहेत.

आत दवण्याच्या वळणाचा एक जळका वास भरून होता. भिंतीवर माणसाच्या शरीराचा तक्ता, त्यावर मुंग्यांसारखे ठिपके. मी तक्त्याकडे बघून जे तोंड वाकडं केलं ते तिथल्या कोरियन डॉक्टरीणबाईंनी पाहिलं. साठीच्या पुढच्या, बुटक्या, केस कापलेले, हात सुताराचे असावेत तसे. त्यांनी माझ्या दोन्ही मनगटांच्या नाड्या इतका वेळ धरल्या की मला वाटलं त्यांना झोप लागली. मग जीभ पाहिली. मग इंग्रजीत विचारलं, पाय गार पडतात का, बाळ झाल्यावर अंगाला गार वारा लागला होता का. सासूबाईंना इंग्रजी फारसं येत नव्हतं, पण वारा हा शब्द त्यांनी बरोबर पकडला आणि खुर्चीत ताठ झाल्या. "सांग नं तिला, तू नवव्या दिवशी ओल्या केसांनी बाल्कनीत गेली होती. मी ओरडून राहिली होती तरी गेली." मी सांगितलं. कोरियन बाईंनी सासूबाईंकडे बघून मान हलवली, सासूबाईंनी मान हलवली. नागपूर आणि कोरिया यांच्यात माझ्याविरुद्ध तह झाला होता. मी तिथून उठून जाणारच होते. उठता येत नव्हतं म्हणून राहिले.

मग त्यांनी मला उभं केलं, सदरा वर करायला लावला आणि पट्टा पाहिला. बेंबीवरची गाठ त्यांनी सोडली. पोटावर लाल वळ उमटले होते. "हे कोणी बांधलं?" त्यांनी विचारलं. "मी," सासूबाई इंग्रजीत म्हणाल्या, आणि त्या एका शब्दात परीक्षेत पहिली आलेल्या मुलीचा तोरा होता. डॉक्टरीणबाईंनी तोच पट्टा घेतला, दुमडून रुंद केला, आणि चार बोटं खाली, ओटीपोटाच्याही खाली, दोन्ही खुब्यांच्या हाडांवरून घट्ट बांधला. वर बांधलं की सगळा भार खाली ढकलला जातो, त्या म्हणाल्या, आणि खालचे सांधे तर आधीच सैल झालेले असतात. आधार त्यांना हवा. मग मला म्हणाल्या, उजव्या पायावर उभी राहा. मी भिंत शोधली. त्यांनी माझा हात भिंतीवरून काढला. मी उभी राहिले. दुखलं, पण पाय माझा होता.

पुढे मी तिथे दोन महिने जात होते. सुया टोचून घेतल्या, पाठीवर काचेचे पेले चिकटवून घेतले, कमरेवर पानांची वात जाळून शेक घेतला, आणि पाकिटात सीलबंद येणारा काळा काढा मुकाट्यानं प्यायले, जो चवीला सासूबाईंच्या काढ्याचा सख्खा भाऊ होता. हळूहळू बरं वाटत गेलं. नंतर फिजिओथेरपीही केली. कशानं बरं वाटलं ते मी छातीठोकपणे सांगणार नाही. मंदारचं म्हणणं, काळानं. काळ आपल्या बायकोची कंबर दाबत बसतो अशी ज्या पुरुषांची समजूत असते त्यांच्याशी मी वाद घालणं आता सोडलंय.

पण त्या शनिवारी, पट्टा खाली आल्यावर, मी पहिल्यांदा केलं काय, तर सूड घेतला. वळून सासूबाईंना म्हटलं, "आई, तुम्ही तर इतक्या जणींची बाळंतपणं केली होती ना? त्या सगळ्यांना असंच बांधलं होतं का?" आवाज अगदी मऊ ठेवला होता. माझ्या माहेरी अपमान नेहमी मऊ आवाजातच करतात.

सासूबाई माझ्या पोटावरच्या वळांकडे बघत होत्या. "कोणाची नाही केली," त्या म्हणाल्या.

"म्हणजे?"

"पाहिली होती, म्हटलं होतं मी. बांधलं नाही कोणाला." त्यांनी पदराचं टोक हातात घेतलं आणि सोडलं. "मंदारच्या वेळेस मला आई नव्हती. पहिलं बाळंतपण माहेरानं करायचं. माहेरी कोणी नाही, तर सासरचे म्हणाले, आमच्याकडे सुनेचं करायची पद्धत नाही. त्याच महिन्यात नणंद आली बाळंतपणाला. तिच्यासाठी बाई यायची, तेल लावायची, शेक द्यायची, बांधायची. पाणी तापवून मीच द्यायची. मंदार वीस दिवसांचा होता. बाई बांधायची तेव्हा मी दारातून पाहायची. दारातून वरचंच दिसे. खाली कुठून घ्यायची ते नाही दिसलं. मला वाटलं, तुला तरी कोणी बांधावं."

माझी मलाच शिसारी आली, आणि ती लपवायला मी सदऱ्याची बटणं लावू लागले, चुकीच्या काजांत.

डॉक्टरीणबाईंनी विचारलं, त्या काय म्हणाल्या. मी जमेल तसं इंग्रजीत सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, मग सासूबाईंना उभं राहायला सांगितलं आणि त्यांच्या मागे जाऊन एक अंगठा साडीवरूनच कमरेच्या उजव्या बाजूला टेकवला. फार दाबला नसावा. सासूबाईंचा हात हवेत गेला आणि टेबलाची कड सापडल्यावर तिथे घट्ट बसला. आठ वर्षं मी त्यांची सून होते. त्या उभ्या असताना एक हात कायम उजव्या कमरेवर असतो हे मी हजार वेळा पाहिलं होतं आणि मला वाटत होतं, ही सासूपणाची ढब आहे. "किती वर्षं?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं. मी मराठीत विचारलं. "जाऊ दे ते," सासूबाई म्हणाल्या. "तुझं करून घे आधी."

पण त्यांना ऐकावं लागलं. बाईंनी मला एका गरम पलंगावर आडवं केलं आणि त्यांना शेजारच्या पलंगावर पालथं झोपवलं, कमरेवर शेकाची पिशवी ठेवली, वर चादर घातली आणि चाळीस मिनिटं हलायचं नाही असं हातांच्या खुणांनी सांगितलं. सासूबाईंनी मान वळवून मला विचारलं, "काही करायचं नाही? नुसतं पडून राहायचं?" मी हो म्हटलं. त्यांचा विश्वास बसला नाही. बराच वेळ त्या ताठ पडून होत्या, कोणीतरी आता हाक मारेल म्हणून कान देऊन. मग त्यांचे खांदे हळूहळू खाली गेले. चादरीतून नाक ओढल्याचा आवाज एकदा आला. मी छताकडे बघत राहिले. मला कोणाच्या डोळ्यांत बघायचं नव्हतं.

तेवढ्यात जिन्यावर सईचं रडणं ऐकू आलं, आणि मागोमाग मंदार दारात. दोन्ही हातांवर सई, खांद्यावर तिची दुपटी, शर्टवर दुधाचा डाग. "झालं का तुमचं व्हूडू? ही थांबतच नाहीये यार," असं म्हणत तो सवयीनं आईकडे वळला, सईला पुढे करून. आईचे हात चादरीखाली होते.

"आईला काय झालं?"

मी पलंगाची कड धरून उठत होते. "कंबर दुखते त्यांची," मी म्हटलं.

"कंबर? कधीपासून?" त्यानं माझ्याकडे पाहिलं, जणू ही माझी चूक होती. "आई, तू कधी बोलली नाहीस."

सासूबाईंनी मान उचलली नाही. "तुझ्या बारशाच्या आधीपासून," त्या उशीत म्हणाल्या.

मंदार तिथेच उभा राहिला. सई त्याच्या हातांत लाल होऊन रडत होती आणि त्याचे हात अजून आईच्या दिशेनेच पुढे आलेले होते, मागे कसे घ्यायचे ते त्याला सुचत नव्हतं. मी त्याच्यासमोर जाऊन दोन्ही पायांवर उभी राहिले आणि हात पसरले. त्यानं माझ्याकडे पाहिलं, मग पुन्हा आईकडे, परवानगीसाठी.

"नेहाजवळ दे," सासूबाई म्हणाल्या. "मी झोपून राहिली."